एएमटी गिअरबॉक्स: दार उघडलं की घुर्र करणारी पेटी

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, अजून किल्लीही फिरवलेली नाही, आणि बॉनेटखालून दोन-तीन सेकंद 'घुर्रर्र' असा आवाज आला. सेलेरियो, वॅगनआर किंवा टियागोची एएमटी, म्हणजे क्लच-गिअरचं काम स्वतः करणारी 'ऑटोमेटेड मॅन्युअल' आवृत्ती, नव्याने घेतलेल्यांची पहिली शंका बहुतेक वेळा हीच असते. फ्युएल पंप म्हणावा तर इग्निशन बंद, रेडिएटरचा पंखा म्हणावा तर इंजिन थंडगार.

हा आवाज गिअरबॉक्सवर बसवलेल्या छोट्या हायड्रॉलिक पंपाचा. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातल्या तेलाचा दाब हळूहळू उतरतो. दार उघडल्याचा सिग्नल मिळाला की कंट्रोलर पंप चालवून दाब पुन्हा भरून घेतो. तुम्ही बसून बेल्ट लावेपर्यंत गिअर टाकायला लागणारी ताकद तयार असते. दहा मिनिटांपूर्वीच गाडी बंद केली असेल तर आवाज येणारही नाही, कारण दाब अजून टिकून असतो. रात्रभर उभ्या गाडीचं दार सकाळी उघडलं आणि तरीही पेटी गप्प, असं झालं तर मात्र लक्ष द्यायला हवं.

हे परीक्षण याच पेटीचं आहे, कुठल्या एका गाडीचं नाही. भारतात ही यंत्रणा सर्वसामान्यांच्या गाडीत आली ती २०१४ च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेल्या मारुती सेलेरियोतून. मारुतीने तिला 'ऑटो गिअर शिफ्ट' म्हटलं. त्याच वर्षी टाटाने झेस्टच्या डिझेलमध्ये ती दिली, पुढे नॅनोपर्यंत पोचवली. दोन्हीकडची मूळ यंत्रणा मॅग्नेटी मरेल्ली या इटालियन कंपनीची. आता ती नुसती 'मरेल्ली' म्हणून ओळखली जाते. फेरारीचं तंत्र आहे असं सेल्समन सांगतो ते अगदीच थापा नाहीत. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी फेरारी १९८९ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरली, १९९७ मध्ये तोच विचार रस्त्यावरच्या एफ३५५ मध्ये आला आणि पुढे अल्फा रोमिओच्या 'सेलेस्पीड'मध्ये. वॅगनआरमधली पेटी त्या घराण्यातली गरीब पुतणी म्हणा हवं तर.

आत काय आहे

गिअरबॉक्स तोच, मॅन्युअल गाडीतला. तेच पाच गिअर, खरखर न होता गिअर जुळवणारे तेच सिंक्रोनायझर, तीच एक कोरडी क्लच प्लेट. डावा पाय आणि डावा हात तेवढे बदलले. त्यांच्या जागी एक इलेक्ट्रिक मोटर-पंप, दाब साठवून ठेवणारा ॲक्युम्युलेटर, तेलाची वाट उघडणारे-मिटणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, क्लच दाबणारा ॲक्च्युएटर (तेलाच्या दाबाने सरकणारा यांत्रिक हात), गिअरची ओळ निवडणारा आणि गिअर आत ढकलणारा असे दोन ॲक्च्युएटर, कोण कुठे आहे ते कळवणारे सेन्सर आणि या सगळ्यांचा मुकादम म्हणजे टीसीयू, हाच मघाचा कंट्रोलर. तेलाचा दाब ४०-५० बारच्या घरात असतो. टायरमधली हवा दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज यावा. दाब उतरल्याशिवाय त्या पाइपांशी, नटांशी खेळायचं नाही, ते यासाठी.

ही रचना डोक्यात पक्की बसली की एएमटीबद्दलच्या बहुतेक कोड्यांची उत्तरं आपोआप मिळतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. ते घसरलं, तापलं तरी चालतं, कारण ते थंड करण्याची सोय असते. इथे मध्ये आहे कोरडी क्लच प्लेट. ती घसरली की झिजते. तुमचा हाफ क्लच दिसत नाही, पण तो आहेच, आणि त्याचं बिल तुमच्याच नावावर फाटतं.

शहरात: पैसे वसूल

सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता किंवा घोडबंदरच्या रांगेत डाव्या गुडघ्याची सुटका होते, हा या पेटीचा मोठा गुण. ब्रेकवरून पाय उचलला की गाडी हळूच सरकते, ॲक्सिलरेटर न दाबता. मॅन्युअलच्या तुलनेत जादा किंमत साधारण पन्नास हजारांच्या आसपास. जून २०२४ मध्ये मारुतीने आपल्या या आवृत्त्या आणखी ५,००० रुपयांनी उतरवल्या. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) यांच्यासाठी याहून बरेच जास्त मोजावे लागतात. मायलेजमध्येही तोटा नाही. २०२२ च्या एक लिटर वॅगनआरचा कंपनीने दिलेला आकडा मॅन्युअलला २४.३५ आणि एएमटीला २५.१९ किलोमीटर प्रति लिटर असा होता. टीसीयू गिअर लवकर चढवतो, आपण चढवत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

तोटा कळतो तो पहिल्याच सिग्नलनंतर. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना गाडी क्षणभर दम सोडते आणि डोकी एकदम मान डोलावतात. क्लच सुटलेला असताना चाकांना ताकद मिळत नाही. मॅन्युअलमध्येही हेच होतं, पण तिथे तुमचा उजवा पाय त्याच क्षणी आपोआप हलका होतो. इथे गिअर कधी पडणार हे पायाला आधी कळत नाही. उपाय सोपा आहे. वेग १५-२० च्या आसपास आला की ॲक्सिलरेटर किंचित सैल करा. टीसीयू त्याला होकार समजतो, गिअर टाकतो, आणि झटका निम्म्यावर येतो. आठवडाभरात पायाला सवय होते. ज्यांना पाय घट्ट दाबूनच धरायचा असतो त्यांना ही पेटी कायम अडाणी वाटते.

सिग्नल दीड-दोन मिनिटांचा असेल तर लिव्हर न्यूट्रलला घ्या. डी (ड्राइव्ह) मध्ये ब्रेक दाबून ठेवला की क्लच सुटलेलाच असतो, म्हणजे प्लेट घासत नाही. पण तो तसा दाबून धरण्याचं काम ॲक्च्युएटर आणि क्लच मोकळा करणारं रिलीज बेअरिंग सतत करत राहतात. दहा-वीस सेकंदांसाठी मात्र लिव्हर पुढे-मागे करत बसू नका. प्रत्येक बदलाला दाब खर्च होतो.

चढावर: इथेच क्लच मरतो

खंबाटकी असो, कसारा असो की सोसायटीचा बेसमेंटचा रॅम्प, एएमटीचे बहुतेक क्लच चढावरच संपतात. चूक एकच आणि ती जवळजवळ सगळे करतात: चढावरच्या रांगेत गाडी मागे जाऊ नये म्हणून ॲक्सिलरेटरवर तोलून धरणं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्याला हे खपून जातं. इथे प्लेट अर्धी चिकटून घसरत राहते आणि तापमान झपाट्याने चढतं. मग बझर वाजतो, जळक्या रबरासारखा वास येतो आणि गाडी पुढे जायला नकार देते. बझर म्हणजे धमकी नाही, निरोप आहे: सपाट जागी गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल करा, इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. वास येऊनही तशीच रेटली तर प्लेट काचेसारखी गुळगुळीत होते, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी पकडत नाही.

योग्य पद्धत अशी. चढावर थांबायचं तर ब्रेक किंवा हँडब्रेक, तिसरा पर्याय नाही. निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवा, ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटर हळूहळू पण निश्चयाने दाबा. गाडीचं नाक किंचित उचललं जातंय, हँडब्रेकविरुद्ध ओढ लागतेय असं जाणवलं की हँडब्रेक सोडा आणि न थांबता वर जा. मध्येच कचरलात की पुन्हा घसरण सुरू. समोरच्या गाडीने रॅम्प पूर्ण मोकळा करेपर्यंत खालीच थांबणं ही कुणी न शिकवलेली, पण सगळ्यांत स्वस्त युक्ती. ज्या गाडीत हिल होल्ड आहे तिथे ब्रेक सोडल्यावर सुमारे दोन सेकंद गाडी धरून ठेवली जाते. निघायला तेवढे पुरतात, पण त्यावर उभं राहता येत नाही.

रिव्हर्समध्ये चढ चढायचा असेल, म्हणजे उतरत्या पार्किंगमधून पाठमोरं बाहेर पडायचं असेल, तर आणखी सांभाळा. रिव्हर्सला एकच गिअर, वेग कमी, आणि माणूस मागे बघत बघत इंच-इंच सरकतो. अर्ध्या क्लचवर जास्तीत जास्त वेळ जाण्याची याहून चांगली सोय नाही. जागा असेल तर गाडी लावतानाच रिव्हर्सने लावा.

उतारावर उलटा प्रश्न. डी मध्ये पाय उचलला की पेटी सरळ वरचा गिअर टाकते आणि गाडी मोकाट सुटते. घाट उतरताना लिव्हर एम (मॅन्युअल) मध्ये घेऊन दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा, इंजिन ब्रेकिंग मिळेल. इंजिनचे फेरे मर्यादेपलीकडे जातील असा खालचा गिअर मागितला तर टीसीयू तो देत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ओव्हरटेकलाही हाच एम कामाचा. अचानक पाय पूर्ण दाबला तर पेटीला विचार करून दोन गिअर खाली यायला एखादा सेकंद लागतो, आणि दुपदरी रस्त्यावर समोरून एसटी येत असताना तो सेकंद फार मोठा असतो. आधी खालचा गिअर घ्या, मग बाहेर पडा.

पी नाही, मग गाडी लावायची कशी

ज्यांनी आधी टॉर्क कन्व्हर्टर चालवला आहे ते लिव्हरवर पी (पार्किंग) शोधत राहतात. तो नाहीच. उतारावर लावताना ब्रेक दाबलेला ठेवून लिव्हर डी किंवा आर ला घ्यायचा, मग इंजिन बंद, मग हँडब्रेक. गिअर तसाच अडकून राहतो, अगदी मॅन्युअलसारखा. सुरू करताना ब्रेक दाबून न्यूट्रल.

यात एक खोच आहे. गिअरमध्ये लावलेल्या गाडीची बॅटरी मेली, तर गिअर बाहेर काढायला पंपाला ताकद कुठली? लिव्हर हलतो, पण तो नुसता स्विच आहे. त्याच्याखाली गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल नाही. गाडी ढकलता येत नाही, धक्का स्टार्टचा तर प्रश्नच नाही. जंप केबल लावून आधी न्यूट्रल मिळतो का बघा. तेही जमलं नाही तर टोचन लावून पुढची चाकं जमिनीवर फरफटवू नका. ती उचलणारी गाडी किंवा फ्लॅटबेडच बोलवा. पंधरा दिवस गावाला जाताना सपाट जागी न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकाखाली दगड हेच बरं.

बिघडते तेव्हा

डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकतं, लिव्हर डी ला नेला तरी एन च राहतो, किंवा चालता चालता गिअर पडेनासा होतो. पुष्कळ गॅरेजमध्ये इथे थेट 'ॲक्च्युएटर गेला, पूर्ण युनिट बदला' हे ऐकायला मिळतं. युनिट महाग असतं आणि दोष बरेचदा त्यात नसतोच. तपासणी स्वस्तापासून महागाकडे जायला हवी.

सगळ्यांत आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर हवी. बाराच्या खाली असेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. पंपाची मोटर करंट खाते, व्होल्टेज पडलं की टीसीयू गोंधळतो आणि नको ते बिघाडाचे कोड साठवतो. टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थची पट्टी याच वेळी बघून घ्या.

मग ब्रेक स्विच. पेडलच्या वर बसवलेला, काही शे रुपयांचा. ब्रेक दाबल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय पेटी न्यूट्रलमधून बाहेर येत नाही. मागचे ब्रेक लाइट पेटत नसतील तर चोर सापडला. पण लाइट पेटतात म्हणून स्विच निर्दोष, असंही नाही: पुष्कळ गाड्यांत त्यात दोन संपर्क असतात, एक दिव्यांचा आणि दुसरा कंट्रोलरचा. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायचं तपासयंत्र) लाइव्ह डेटा उघडून पेडल दाबल्यावर दोन्ही बदलतात का ते पाहावं.

पावसाळ्यात कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग. गिअरबॉक्सवरची वायरिंग खाली, चाकाच्या शिंतोड्यांच्या टप्प्यात असते. पिन हिरवट झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा घट्ट बसवल्या की बऱ्याचदा काम भागतं. आणि उंदीर. सेन्सरच्या बारीक वायरी त्यांना फार आवडतात.

यानंतर तेल. गिअर ऑइल वेगळं आणि ॲक्च्युएटरचं तेल वेगळं, छोट्या टाकीत असतं. ते कमी झालं तर कुठेतरी गळती आहे. नुसतं भरून विषय मिटत नाही. त्या टाकीत ब्रेक ऑइल ओतणं हा गुन्हाच, कारण ग्लायकोलने आतले सील फुगतात आणि मग खरोखरच सगळं युनिट जातं. आणखी एक: दाब साठलेला असताना टाकीतली पातळी खाली दिसते, दाब उतरला की तेल परत येऊन वर दिसते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीतच मोजा, नाहीतर जादा भराल.

तेल ठीक असेल तर पंप आणि ॲक्युम्युलेटर. ॲक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, तो स्प्रिंगसारखा तेल दाबून ठेवतो. वयाने तो निसटतो. घरच्या घरी करण्यासारखी परीक्षा अशी: सपाट जागी, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही लावून, इंजिन चालू ठेवून लिव्हर एन-डी-एन असा सावकाश फिरवा आणि पंप केव्हा वाजतो ते मोजा. तब्येत चांगली असेल तर काही बदल झाल्यावर एकदा घुर्र होतं. प्रत्येक बदलाला पंप धावत असेल तर साठा राहत नाही. हे दुर्लक्षित राहिलं की मोटरचे ब्रश झिजतात किंवा रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) चिकटतो. रिले चिकटला की पंप थांबतच नाही आणि जळतो. म्हणजे सतत घुर्रघुर्र ऐकू येत असेल तर गाडी 'तशीच' बसस्टँडपर्यंत नेऊ नका.

क्लच बदलायची वेळ आली तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला द्यायची? काम ओळखीच्या मेकॅनिककडे करायला हरकत नाही, एका अटीवर: त्याच्याकडे त्या गाडीच्या एएमटीचं कॅलिब्रेशन करणारा स्कॅनर हवा. नवी प्लेट जाड असते, ती कुठे पकडते तो बिंदू जुन्यापेक्षा वेगळा. टीसीयूला तो शिकवला नाही तर गाडी निघताना गचके देते, कधी गिअर खरखरतो, आणि ग्राहक म्हणतो नवा क्लचच खराब निघाला. सोबत गिअरच्या जागांचं शिक्षणही पुन्हा करून घ्यायचं असतं. नुसता कोड खोडणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इथे उपयोगाचा नाही.

पंप नसलेला प्रकार

रेनो क्विड, आणि ह्युंदाईच्या सँट्रो-निऑस यांच्या एएमटीत तेल-दाब-पंप हा संसारच नाही. तिथे क्लच आणि गिअर थेट इलेक्ट्रिक मोटरने हलतात. दार उघडल्यावर आवाज नाही, गळती नाही, ॲक्युम्युलेटर नाही. ह्युंदाईची पेटी शहरात या सगळ्यांत मऊ चालते. पण क्लच प्लेट तिथेही कोरडीच, त्यामुळे चढावरचे सगळे नियम शब्दशः लागू.

कुणी घ्यावी? रोज ३०-४० किलोमीटर खचाखच ट्रॅफिक आणि बजेट आखडतं असेल तर बिनधास्त. रोजचा रॅम्प उभा, अरुंद आणि वळणाचा असेल तर हिल होल्ड असलेलीच आवृत्ती बघा, आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर न घेता त्याच रॅम्पवर घ्या. गिअर बदलण्यात ज्यांना मजा येते त्यांनी पन्नास हजार वाचवावेत.

जुनी घेत असाल तर विकणाऱ्याला आदल्या रात्रीपासून गाडी बंद ठेवायला सांगा. सकाळी दार उघडून कान द्या: दोन-तीन सेकंद घुर्र, मग शांतता. थंड इंजिनावर डी आणि आर मधला प्रतिसाद बघा; ब्रेक सोडल्यावर गाडी सेकंदभरात, न थरथरता सरकायला हवी. मग अर्धा तास गर्दीतून फिरवून, चांगली तापवून, तेच पुन्हा करा, कारण झिजलेला क्लच गरम झाल्यावरच खरं बोलतो. चौथ्या गिअरमध्ये, एम वर, ५० च्या वेगाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे भरकन चढले आणि वेग मागेच राहिला तर प्लेट संपली आहे. शेवटी स्कॅनर लावून क्लचच्या झिजेचा आकडा आणि साठलेले कोड वाचा. विकणाऱ्याने नेमकी आदल्याच दिवशी बॅटरीची वायर काढून कोड पुसले असतील किंवा स्कॅनर लावूच देत नसेल, तर किमतीतून पूर्ण क्लच सेट, मजुरी आणि कॅलिब्रेशनचे पैसे वजा करूनच पुढचं बोलणं सुरू करा.